लॉखच्या काठाने धावायला कुठे जावं? (स्कॉटलंड, मे-जून)

कासची_वाट
नमस्कार मंडळी,
मुलगी-जावई दोन वर्षांपासून ग्लासगोच्या उत्तरेला राहतात. मेच्या मध्यापासून सहा आठवडे त्यांच्याकडे मुक्काम आहे. गावाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं वाचलं तर थेट 'मिलनगावी' होतं. मी ते कौतुकाने अर्ध्या साताऱ्याला सांगून झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, इथे त्याला मलगाय म्हणतात." असो.

वय ५४. यवतेश्वरचा घाट रोजचा. हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते, आणि ती आणखी लवकर व्हावी अशी हौसही आता उरलेली नाही. तिकडे जाऊन ट्रेडमिलवर पळायचं नाही, एवढं मात्र ठरवलंय. लॉख म्हणजे तिकडची तळी. त्या पाण्याच्या काठाने, झाडीतून जाणारे रस्ते हवेत. अट एकच, शक्यतो सपाट. चढ मी इथे रोज खातो, तिथे जरा सुट्टी.

मी गाडी चालवणार नाही. जावई शनिवार-रविवारी सोडेल म्हणतोय. आणि एक बावळट शंका: वाट कुणाच्या खासगी जमिनीतून जात असेल तर कुणी अंगावर येतं का? आपल्याकडे फार्महाऊसवाले कुत्री सोडतात.

क्लाइडकाठची
स्वागत! अहो, तुम्ही नशीबवान आहात. वेस्ट हायलँड वे सुरूच होतो मलगायच्या बाजारपेठेतून. तिथून थेट फोर्ट विल्यमपर्यंत ९६ मैल, म्हणजे १५४ किमी. १९८० पासून आहे ही वाट. तुम्हाला पहिले पाच-सहा किमीच पुरे. गावातून निघालं की ओढ्याकाठाने मगडॉकच्या रानात शिरता, आणि रान संपलं की थोड्या वेळाने डावीकडे क्रेगॅलियन लॉख लागतं. छोटंसं आहे, वारा नसेल तर पलीकडची झाडं पाण्यात उलटी लटकलेली दिसतात.

त्या लॉखच्या टोकाला एक दगडी स्मारक आहे, तिथे जरूर थांबा. १९३० च्या मंदीत ग्लासगो आणि क्लाइडबँकची बेकार पोरं शहरातून चालत येऊन तिथे शेकोटीभोवती बसत. शेकोटी कधी विझत नसे म्हणतात. त्यातलीच काही मंडळी पुढे गिर्यारोहणात गेली. मी दर वेळी तिथे बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने दोन मिनिटं बसते.

जमिनीचं म्हणाल तर निर्धास्त या. इथे २००३ चा कायदा आहे, जबाबदारीने वागलात तर खासगी जमिनीवरूनही चालायचा-पळायचा हक्क आहे. घरालगतची बाग आणि उभं पीक सोडून. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवायचं, लावलेलं होतं तर लावायचं. वासरं असलेल्या गाईंच्या मधून मात्र जाऊ नका, वळसा घाला. तिथे कायदा कामाला येत नाही.

मुळशीचा_मुळा
वाचतोय. आम्ही पुढच्या वर्षी. +१

स्टर्लिंगचा_बंड्या
वर सगळं छान सांगितलंय, फक्त त्या 'सपाट'वर बोलतो. माझी फजिती ऐका.

इथे आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात नकाशा उघडला. लॉख लोमंडच्या पूर्व काठाने वेस्ट हायलँड वेची रेघ पाण्याला अशी चिकटलेली, जणू मरीन ड्राइव्ह. रोवार्डेननहून इन्व्हर्सनेड ७ मैल, म्हणजे साधारण ११ किमी. माझा हिशेब सव्वा तासाचा. इन्व्हर्सनेडहून पलीकडे टार्बेटला बोट जाते, ती पकडायची, तिकडून बस. हिशेबात अर्धा तास चहासाठीही धरला होता.

सुरुवातीला रुंद कच्चा रस्ता आहे. मी मनात म्हटलं, लोक उगाच घाबरवतात. मग खालची वाट धरली आणि पळणं संपलंच म्हणा. ओकची मुळं वाटेवर आडवी, एकावर एक, पावसाने साबण लावल्यासारखी. दोन मुळांच्या मध्ये काळं पाणी. ते बोटभर आहे की गुडघाभर, हे पाय टाकल्यावरच कळतं. पाण्याला चिकटलेली ती रेघ प्रत्यक्षात वीस फूट वर, लगेच वीस फूट खाली, पुन्हा वर. दोन तास वीस मिनिटं लागली. हॉटेलपाशी पोचलो तेव्हा बोट तळ्याच्या मधोमध होती आणि डेकवरच्या एका आजींनी मला हात केला. मीही केला. करणार काय!

आणि हा सोपा भाग बरं का. इन्व्हर्सनेडच्या पुढे इन्व्हरार्ननपर्यंत खडकांत हात टेकून जावं लागतं. रॉब रॉय मॅकग्रेगर या जुन्या बंडखोराची गुहा म्हणतात ती तिथेच.

कासची_वाट
बंड्याभाऊ, आजींचं वाचून चहा सांडला. पण पाणी म्हणजे एका पातळीत असणार ना? मग काठावरची वाट वर-खाली का जाते? कासला तळ्याभोवती सहज पळता येतं.

स्टर्लिंगचा_बंड्या
कास पठारावर आहे साहेब. ही तळी हिमनदीने कोरलेल्या खोल दऱ्यांत भरलेली. काठ म्हणजे डोंगराचा उतारच, सरळ पाण्यात गेलेला. मध्येच कातळाचं नाक पुढे येतं, वाट त्याच्यावर चढते, उतरते, की पुढचं नाक. नकाशावर काठाची रेघ दिसते, ही नाकं दिसत नाहीत. कोयनेच्या शिवसागराच्या काठाने पळायचं म्हटलं तर जे होईल तेच.

म्हणून आता मी लॉखकाठचं अंतर किमीत मोजतच नाही. पायाखाली काय आहे ते आधी विचारतो: डांबर, मुरूम की मुळं? मुरूम असेल तर नेहमीचा वेळ. मुळं असतील तर दुप्पट, आणि खिशात एक चिक्की जास्त.

लोमंडच करायचं असेल तर बाल्माहा ते रोवार्डेनन करा. तिथेही चढ-उतार आहेत, पण पळता येतात. ओकचं जुनं रान आहे. चामडं कमावायला साल लागायची म्हणून ही झाडं पूर्वी ठरावीक वर्षांनी बुंध्याशी तोडत आणि पुन्हा फुटू देत, त्यामुळे एकाच बुडख्यातून चार-पाच खोडं आलेली दिसतील. मेमध्ये खाली ब्लूबेलची निळी फुलं असतात. बाल्माहाच्या मागे कॉनिक हिल आहे, ३६१ मीटर, हायलँडची, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाची, भूगर्भातली सीमारेषा तिथून जाते आणि तळ्यातल्या बेटांची रांग तीच रेषा धरून आहे. वरून बघितलं की कुणी फूटपट्टीने आखल्यासारखी वाटते.

पाइनच्या_सावलीत
मी अबर्डीनला असते, आम्ही पळायला एव्हिमोरकडे जातो. ट्रेन जाते तिथे. कासची_वाट, तुम्हाला खरंच सपाट, खरंच झाडीतलं आणि खरंच पाण्याला लागून असं एकच काही हवं असेल तर लॉख अन इलेन. रॉथिमर्कसच्या पाइनच्या जंगलात आहे. नावाचा अर्थच बेटाचं तळं, आणि मधल्या बेटावर पडका किल्ला. पूर्ण फेरी साधारण पाच किमी. वाट रुंद, मुळं आहेत पण समजूतदार आहेत. दोन फेऱ्या मारा, उलटसुलट.

ही लावलेल्या पाइनची काळोखी रांग नव्हे, जुनं कॅलिडोनियन, म्हणजे स्कॉटलंडचं मूळचं रान आहे. झाडं लांब लांब, खोडाचा वरचा भाग विटकरी, खाली हेदर आणि ब्लूबेरीच्या जातीची झुडपं. उजेड आत येतो. ऊन पडलं की राळेचा वास सुटतो, थेट आपल्या धुपाचा. वाटेच्या कडेला कमरेएवढे पाइनच्या काड्यांचे ढीग दिसतील. कचरा समजून त्यावर पाय ठेवू नका, लाकूड-मुंग्यांची वारुळं आहेत ती. मी एकदा स्ट्रेचिंगला तिथेच उभी राहिले होते. बाकी सांगत नाही.

पाय राहिले तर जवळच ग्लेनमोरला लॉख मॉर्लिख आहे. डोंगरात वाळूची चौपाटी! तिथून रायव्होनच्या खिंडीत हिरवं तळं आहे, अन लोखन उआइन. परी आपले कपडे तिथे धुतात म्हणून पाणी हिरवं अशी गोष्ट सांगतात. वसंतात कॅपरकेली नावाच्या मोठ्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा विणीचा काळ असतो, फार थोडे उरलेत. म्हणून वाट सोडून रानात घुसू नका.

शब्दवेडा
एक सूचना. धाग्यात कुणीतरी 'लॉक' लिहील त्याआधी: ते लॉख आहे, घशातून. इंग्रजांना जमत नाही, आपल्याला जमतं. लहान असेल तर लोखन. आणि सगळीच लॉख नसतात, ॲबरफॉइलजवळ लेक ऑफ मेंटीथ आहे.

स्टर्लिंगचा_बंड्या
शब्दवेडा आले, आता धागा दोनशे प्रतिसादांवर जाणार.

एडिंबऱ्याची_पोर
लॉख लेवेन कुणी कसं सुचवलं नाही? किनरॉसला. तळ्याभोवती आखलेली वाट बरोब्बर १३ मैलांची, म्हणजे जवळजवळ हाफ मॅरेथॉनच. पोळपाटासारखी सपाट, मुरूम दाबून केलेली. थोडं रान, थोडी शेतं, थोडं दलदलीतलं गवत. मधल्या बेटावरच्या किल्ल्यात स्कॉटलंडच्या मेरी राणीला कोंडलं होतं, १५६८ च्या मे महिन्यात ती होडीतून निसटली. सप्टेंबरअखेर आलात तर आइसलँडकडून हजारो हंस-बदकं उतरतात, पहाटे आवाजानेच जाग येते. तोटा एकच, वारा. अर्धी फेरी तो पाठीवर हात ठेवतो आणि उरलेली अर्धी छातीवर.

पण!! नकाशात नाव टाकताना 'किनरॉस' टाकाच. लॉख लेवेन दोन आहेत. आमचा एक मित्र पहिल्या वेळी निघाला तो थेट ग्लेनकोला पोचला, पश्चिम किनाऱ्याला, समुद्राच्या खाऱ्या लॉख लेवेनवर. आम्ही इकडे किनरॉसच्या पार्किंगमध्ये केळी खात बसलो होतो. बरं, तो परत आला तो चिडून नाही. म्हणे, तिथे ग्लेनको लोखन नावाचं एक तळं सापडलं, भोवती प्रचंड उंच परदेशी झाडं. लॉर्ड स्ट्रॅथकोना म्हणून बडे गृहस्थ होते, कॅनडात रेल्वेत पैसा केलेले. त्यांच्या बायकोला इथे आल्यावर कॅनडाची आठवण येई, म्हणून त्यांनी १८९० च्या दशकात तिकडची झाडं आणून इथे रान लावलं. बाईंचं मन काही रमलं नाही, झाडं मात्र रमली. फेरी जेमतेम दीड-दोन किमीची. मित्राने पाच मारल्या.

क्लाइडकाठची
अगं काय सांगतेस! मी बाल्कनीत दहा वर्षं कढीलिंब जगवायचा प्रयत्न करतेय, मला त्या बाईचं दुःख कळतं.

दवाखान्यातली_ताई
मी इथे नर्स आहे, म्हणून रसभंग करते. दोन प्राणी लक्षात ठेवा.

एक मिज. चिलटं समजा, पण चावणारी. मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, पहाटे आणि संध्याकाळी, वारा पडलेला आणि ढगाळ असेल तेव्हा. तुम्ही पळत असाल तोवर काही कळत नाही. फोटोला थांबलात की संपलं. वाऱ्याची झुळूक जरा जोरात असली तरी त्यांना उडता येत नाही, तेव्हा वाऱ्याच्या दिवशी मोकळ्या काठाने पळा. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते. दिसायला मधमाश्या पाळणाऱ्यासारखं होतं, पण इथे कुणी हसत नाही.

दुसरा गोचीड. हा खरा काळजीचा. गुडघाभर नेच्यांतून वाट काढली की पायाला लागतो, जूनमध्ये नेचे उंच होतात. आपल्याकडे गुराढोरांना असतो तसाच, पण इथला खसखशीएवढाही असतो. त्याने लाइम नावाचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली बघा. सापडला तर तेल, काडेपेटी वगैरे गावठी उपाय नकोत. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप-अंगदुखी आली तर डॉक्टरांना 'गोचीड चावला होता' हे आधी सांगायचं. वेळेत अँटिबायोटिक घेतलं की बरं होतं.

रानवेलीची
मला एक विचारायचंय. बाईने एकटीने अशा रानात पळणं कितपत बरं? मी डिसेंबरात डंडीला येतेय.

पाइनच्या_सावलीत
मी पळते एकटी. माणसांची भीती मला पुण्यात टेकडीवर जास्त वाटायची, खरं सांगते. इथे भीती पाय मुरगळून कुठेतरी बसून राहण्याची. मोबाइलला रेंज नसते. ९९९ ला मेसेज पाठवायची सोय आहे, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो, 'रजिस्टर' असा मेसेज त्याच नंबरवर करायचा. बोलण्याइतकी रेंज नसतानाही कधीकधी मेसेज जातो. घरी सांगून निघायचं, शिटी ठेवायची, पातळ का होईना पण पाणी न शिरणारं जाकीट कमरेला. आणि डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो! जेवून जाऊ म्हणालीस तर अंधारच. तेव्हा सकाळी दहाला.

क्लाइडकाठची
कासची_वाट, आता माझी खरी शिफारस. तुमच्या गावात पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, मगडॉक आणि क्रेगमॅडी, लोक रोज त्यांच्याभोवती पळतात. ते पाणी येतं लॉख कॅट्रिनहून. ग्लासगोला शहराचं पाणी घाण झालं, पटकी पसरली, तेव्हा त्यांनी डोंगरातून पाणी आणलं. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याचं उद्घाटन केलं. २६ मैलांचा मार्ग, पंप नाही, मैलामागे दहा इंच उतार, बस्स. म्हणजे तुमच्या नळाचं पाणी एक मॅरेथॉन पळून येतं.

ते जिथून निघतं तिथे जा. ट्रोसाक्स पिअरहून, म्हणजे तिथल्या धक्क्यावरून, सकाळच्या बोटीने स्ट्रोनाखलाखरला जायचं आणि उत्तर काठाने पळत परत यायचं. सुमारे १३ मैल, सगळं डांबर, आणि पाणीपुरवठ्याचा रस्ता असल्याने बाहेरच्या गाड्यांना बंदी. आधी बोट, मग पळणं. बंड्यासारखं उलट करू नका. तळ्यावर १८९९ ची वाफेची बोट आहे, 'सर वॉल्टर स्कॉट', पण कुठली बोट पलीकडे उतरवते ते तिकीट काढताना विचारा. सपाट आहे असं मी म्हणणार नाही.

स्टर्लिंगचा_बंड्या
माझं नाव आता या धाग्यावर कायमचं खराब झालंय.

कासची_वाट
मंडळी, जून संपत आला. पुढच्या आठवड्यात परत निघतोय, त्याआधी हिशेब देतो.

क्रेगॅलियन जवळजवळ रोज झालं. पहाटे साडेचारला उजाडतं, झोपून करणार काय. मुलगी म्हणते, तुम्ही इथे लॉखलाच भेटायला आलात. लॉख अन इलेनला लेकीसोबत गेलो, ती चालली, मी पळालो. दोन फेऱ्यांत ती मला दोनदा भेटली आणि दोन्ही वेळा वेगळ्या माणसाशी कुत्र्याविषयी बोलत होती. लोमंड मुद्दाम सोडलं. गुडघ्यांशी करार आहे.

कॅट्रिन मात्र केलं, गेल्या शनिवारी. बोटीत सगळे सायकलवाले, बूट घालून मी एकटा. स्ट्रोनाखलाखरला उतरलो तेव्हा बारीक पाऊस, आपल्या आषाढातला असतो ना, पडतोय की नुसता हवेत आहे ते कळत नाही, तसा. पहिले काही किमी तळ्याचं डोकं वळसा घालून जायचं. तिथे ग्लेनगाइलला पांढरं घर दिसतं, रॉब रॉय तिथला, १६७१ चा जन्म. फाटकाशेजारी लोखंडी नळ्यांची जाळी असते, गुरांनी ओलांडू नये म्हणून. ओल्या नळ्यांवरून पळायचा मोह टाळला, बाजूच्या झुलत्या फाटकातून गेलो. मागून आलेला सायकलवाला म्हणाला, शहाणा माणूस. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

मग एके ठिकाणी काठापासून पाण्यात गेलेला दगडी बांध दिसला आणि त्याच्या टोकाला भिंतीने वेढलेली छोटी जागा. मॅकग्रेगर लोकांचं, म्हणजे रॉब रॉयच्या घराण्याचं कबरस्तान. धरणाने पाणी वाढवलं तेव्हा कबरी बुडू नयेत म्हणून त्यांना उंच करून बांध घातला. मी घड्याळ थांबवलं. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. आजीच्या घराची जागा आई बोटीतून बोटाने दाखवायची, 'तिथे, त्या वळणाच्या खाली.' नुसतं पाणी असायचं. इथे शहराच्या नळासाठी तळं चढवलं, तरी दोन-चार दगड वर काढून ठेवले. बराच वेळ उभा होतो. मग चिलटांनी हुसकावलं, ताई म्हणाल्या होत्या तसंच.

शेवटच्या पाच-सहा किमीत चढ आहेत. मोठे नाहीत, पण प्रत्येक वळणावर 'हा शेवटचा' असं वाटायला लावून पुढे आणखी एक काढतात. एकूण दोन तास एकोणचाळीस मिनिटं, कबरस्तान धरून. वारा, पाऊस, डांबर, दोन राजगिऱ्याच्या चिक्क्या. जावई पिअरवर थर्मास घेऊन उभा होता. गोचीड एक निघाला, डाव्या गुडघ्यामागे. चिमट्याने काढला, चट्टा अजून नाही, रोज बघतोय.

दवाखान्यातली_ताई
तारीख लिहून ठेवा. साताऱ्याला गेल्यावर काही वाटलं तर तिथल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांच्या डोक्यात लाइम येणार नाही.

स्टर्लिंगचा_बंड्या
भारी! आता पुढच्या वेळी रोवार्डेनन-इन्व्हर्सनेड. मी येतो बरोबर, बोटीची वेळ या खेपेला मी बघतो.

कासची_वाट
बंड्याभाऊ, तुम्ही वेळ बघणार असाल तर मी आजींच्या शेजारी डेकवर बसतो.